इन्फोचा मेल जीमेलवर येत नाही: फॉरवर्डिंग आणि स्पॅम तपासणीचा पुन्हा पुन्हा उगवणारा घोळ

अंबड, सातपूर, सिन्नरच्या लहान कारखान्यांची आणि पिंपळगाव-दिंडोरीकडच्या द्राक्ष निर्यातदारांची मेलची व्यवस्था बहुतेक ठिकाणी सारखीच असते. कंपनीच्या नावाचं डोमेन (मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं नाव), वेबसाइटवाल्याने दिलेलं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेकांत वाटून घेतलेला सर्व्हर, त्यावर इन्फो, सेल्स, अकाउंट्स असे दोन-तीन पत्ते, आणि या सगळ्यांचं फॉरवर्डिंग मालकाच्या किंवा अकाउंटंटच्या जीमेलवर. वर्षानुवर्षं हे सुरळीत चालतं. मग फोन येतो, "भाऊ, पार्टी म्हणते मेल कालच टाकलाय, आमच्याकडे काहीच नाही."

या तक्रारीत डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे ती अर्धवट असते. मुंबईच्या पार्टीचा मेल येतो, रॉटरडॅमच्या खरेदीदाराचा येत नाही. बँकेचं स्टेटमेंट येतं, लॅबचा रेसिड्यू रिपोर्ट (फळातल्या औषधांच्या अंशाचा) स्पॅममध्ये सापडतो. होस्टिंगवाला म्हणतो आमच्याकडून गेला. पाठवणारा म्हणतो माझ्या सेंटमध्ये दिसतोय. कुणीतरी एखादं सेटिंग बदलतं, आठवडाभर बरं चालतं आणि पुन्हा तेच. जानेवारी ते एप्रिलच्या हंगामात कंटेनर भरायची वेळ ठरलेली असते. तेव्हा कागदपत्रांचा एक मेल दिवसभर अडकला तर त्याचा फटका पॅकहाऊसपर्यंत बसतो. म्हणून हा विषय जरा सविस्तर लिहितोय. कारण कळलं की दर वेळी अंधारात बटणं दाबावी लागत नाहीत.

सेटिंगला हात लावण्याआधी

मेल नेमका कुठे थांबला हे आधी शोधा. तो पाठवणाऱ्याकडून तुमच्या होस्टिंगच्या सर्व्हरवर येतो आणि तिथून जीमेलकडे जातो. या दोन टप्प्यांपैकी कुठला तुटला हे कळल्याशिवाय केलेला प्रत्येक बदल अंदाजपंचे असतो.

पाठवणाऱ्याला विचारा, परत आलेला मेल, म्हणजे बाउन्स, मिळाला का? मिळाला असेल तर त्याचा फोटो नको, तो मेलच दुसऱ्या पत्त्यावर मागवून घ्या. त्यात एक खूण बघायची. खरेदीदाराने मेल पाठवला होता इन्फोला, पण बाउन्समध्ये नाव आहे मालकाच्या खासगी जीमेलचं. त्या बिचाऱ्याने तो पत्ता आयुष्यात कधी पाहिलेला नसतो, म्हणून तो बाउन्स त्याला फालतू वाटतो आणि तो डिलीट करतो. आपल्यासाठी मात्र तोच पुरावा. पहिला टप्पा पार पडला, जीमेलच्या दारात अडला. सोबत ५५० ५.७.२६ असा आकडा असेल तर गूगल म्हणतंय की या मेलच्या पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही. ४२१ ४.७.२८ असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या सर्व्हरकडून नको तितका माल येतोय, म्हणून जीमेलने वेग आवळलाय. या दोन्हींवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, त्यामुळे आकडा लिहून ठेवा.

बाउन्स नसेल तर सी-पॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंग सांभाळायच्या वेब पॅनेलमध्ये, ट्रॅक डिलिव्हरी नावाचं पान आहे. तिथे पाठवणाऱ्याचा पत्ता टाकला की मेल आला का, पुढे गेला का, समोरच्या सर्व्हरने काय उत्तर दिलं हे दिसतं. काही होस्टिंगवाले हे पान लपवून ठेवतात. तसं असेल तर त्यांच्याकडून त्या तारखेचा, त्या पत्त्याचा लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, मागा. तो त्यांच्याकडे असतो, आणि मागायचा तुम्हाला हक्क आहे. ट्रॅक डिलिव्हरीत मेलचा मागमूसच नसेल, तर तो तुमच्यापर्यंत आलेलाच नाही, आणि पुढचं फॉरवर्डिंगचं सगळं गौण ठरतं. आधी एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे तुमच्या डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवर द्यायचा ती नोंद, तपासायला घ्या.

टेस्ट करताना एक चूक सर्रास होते. ज्या जीमेलवर फॉरवर्ड येणार आहे, त्याच जीमेलवरून इन्फोला टेस्ट मेल पाठवला जातो, आणि "बघा, आलाच नाही" असा निष्कर्ष निघतो. जीमेल प्रत्येक मेलची ओळख क्रमांकावरून ठेवतं. तुम्हीच पाठवलेला मेल फिरून परत आला की तो तुमच्या सेंटमध्ये आधीच आहे असं समजून इनबॉक्समध्ये दुसरी प्रत दाखवत नाही. टेस्ट नेहमी तिसऱ्याच खात्यावरून करा, आणि शक्यतो जीमेलबाहेरच्या.

शिवाय दोन साध्या गोष्टी आधीच उरकून घ्या. जीमेलच्या मोफत खात्याची १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. फोटोंनीच ती भरली असेल तर नवा मेल येतच नाही. आणि ऑल मेलमध्ये शोधा. एखाद्या जुन्या फिल्टरने मेल परस्पर अर्काइव्ह केलेला असतो.

काहींचा येतो, काहींचा नाही. का?

इथे तीन नावं समजून घ्यावी लागतील: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. आपल्या भागात कंटेनर सगळ्यांनी पाहिलेत, तेव्हा त्याच्यावरूनच सांगतो. बंदराच्या गेटवर एक यादी आहे: या निर्यातदाराचा माल याच नंबरच्या गाड्यांतून येईल. ती यादी म्हणजे एसपीएफ. आणि कंटेनरच्या दारावर पॅकहाऊसमध्येच मारलेलं सील म्हणजे डीकेआयएम. आता वाटेत कंटेनर दुसऱ्याच गाडीवर चढवला तर गेटवर नंबर जुळणार नाही, पण सील शाबूत असेल तर माल कुणाचा हे अजूनही सिद्ध होतं.

फॉरवर्डिंगमध्ये अगदी हेच घडतं. रॉटरडॅमच्या कंपनीने आपल्या डोमेनच्या एसपीएफमध्ये आपले सर्व्हर लिहिलेत. तुमच्या शेअर्ड होस्टिंगचा आयपी, म्हणजे त्या सर्व्हरचा इंटरनेटवरचा क्रमांक, त्यात असण्याचं कारणच नाही. पण जीमेलच्या दारात मेल घेऊन उभा राहतो तो तुमचा होस्टिंग सर्व्हर. त्यामुळे एसपीएफ नापास. यात कुणाचं सेटिंग बिघडलेलं नाही. एसपीएफची रचनाच तशी आहे, आणि २००६ साली त्याचा पहिला, प्रायोगिक मानक आला तेव्हापासून ही अडचण माहीत आहे. २०१४ च्या सुधारित मानकातही ती तशीच राहिली.

डीकेआयएम मात्र मेलच्या आत असतं. पाठवणाऱ्याच्या सर्व्हरने काही हेडर (मेलच्या वरच्या माहितीच्या ओळी) आणि मजकूर यांच्यावर केलेली ती डिजिटल सही. मजकुराला कुणी हात लावला नाही तर ती कितीही सर्व्हर ओलांडून टिकते.

डीमार्क हा तिसरा, २०१५ साली माहितीपर दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झालेला. तो म्हणतो, एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी पास हवं, आणि जे पास झालं त्याचं डोमेन वाचणाऱ्याला दिसणाऱ्या फ्रॉमच्या डोमेनशी जुळायला हवं. दोन्ही फसलं तर काय करायचं हेही डोमेनचा मालकच सांगतो: काही करू नका, स्पॅममध्ये टाका, किंवा थेट नाकारा.

म्हणजे कोडं सुटलं. ज्यांनी डीकेआयएम लावलंय त्यांचा मेल फॉरवर्ड होऊनही येतो. ज्यांनी फक्त एसपीएफवर भागवलंय त्यांचा स्पॅममध्ये जातो किंवा नाकारलाही जातो. आणि ज्यांनी डीकेआयएम न लावता डीमार्क मात्र "नाकारा" वर ठेवलाय त्यांचा मेल जीमेल दारातूनच परत पाठवतं. "पूर्वी तर चालायचं" असं अनेक जण म्हणतात, आणि ते खरंही आहे. गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले. प्रत्येक पाठवणाऱ्याला एसपीएफ किंवा डीकेआयएम सक्तीचं, आणि दिवसाला ५,००० पेक्षा जास्त मेल जीमेलवर पाठवणाऱ्यांना डीमार्कसह तिन्ही. त्याआधी ओळख न पटलेला बराच मेल तसाच आत यायचा.

शो ओरिजिनल वाचायला शिका

सगळ्या तपासणीत सर्वांत जास्त उपयोगाचं हेच, म्हणून इथे घाई करू नका. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, स्पॅममध्ये पडलेला तो मेल उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करून शो ओरिजिनल निवडा. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क आणि पुढे पास किंवा फेल लिहिलेलं असतं. मोबाइलच्या अॅपमध्ये ही सोय नाही.

एसपीएफ फेल, डीकेआयएम पास, डीमार्क पास असं दिसलं तर घाबरू नका. फॉरवर्ड झालेल्या मेलचं हे नेहमीचं चित्र आहे. अशा मेलला जीमेलने स्पॅम म्हटलं असेल तर कारण ओळखीत नाही, दुसरीकडे आहे: मजकूर, लिंक, किंवा तुमच्या होस्टिंगच्या आयपीची बदनामी.

एसपीएफ फेल आणि डीकेआयएमचा उल्लेखच नाही, म्हणजे पाठवणाऱ्याने सील मारलेलंच नाही. यावर तुमच्या बाजूने खरा इलाज नाही. त्याला कळवावंच लागेल.

डीकेआयएम आहे पण फेल, आणि खाली हेडरमध्ये बॉडी हॅश (मजकुराचा ठसा) जुळला नाही अशा अर्थाची ओळ दिसली, तर मधल्या कुणीतरी मेल उघडून त्यात फेरफार केलाय. हा मधला बहुधा तुमचाच सर्व्हर असतो. अँटिव्हायरस मेलच्या खाली "हा मेल तपासला आहे" अशी ओळ चिकटवतो. कुणी कायदेशीर सूचनेचा परिच्छेद जोडायचं सेटिंग करून ठेवलेलं असतं. सी-पॅनेलचा स्पॅम फिल्टर विषयाच्या आधी "स्पॅम" असा शिक्का मारतो. विषयाची ओळही सहसा सहीत धरलेली असते, त्यामुळे त्या शिक्क्याने सही मोडते. असे सगळे शिक्के आणि शेपट्या फॉरवर्ड होणाऱ्या पत्त्यांवर बंद करा. सुरक्षिततेसाठी केलेला उपाय इथे चांगल्या मेललाही संशयित करून सोडतो.

एसपीएफ पास आहे पण खाली हेडरमध्ये त्यापुढे डोमेन तुमचंच किंवा होस्टिंगचं दिसतंय, याचा अर्थ तुमच्या सर्व्हरवर एसआरएस चालू आहे. त्याबद्दल लगेच पुढे.

एसआरएस: काय करतं आणि काय करत नाही

एसपीएफ तपासताना जीमेल फ्रॉम बघत नाही. ते बघतं रिटर्न पाथ, म्हणजे मेल परत आला तर कुठे पाठवायचा तो पडद्यामागचा पत्ता. सेंडर रीरायटिंग स्कीम, म्हणजे एसआरएस, फॉरवर्ड करताना हा रिटर्न पाथ बदलून त्याजागी तुमच्या डोमेनचा पत्ता घालतं. मग एसपीएफ तुमच्या डोमेनवर तपासलं जातं आणि पास होतं. बाउन्सही आधी तुमच्या सर्व्हरकडे येतो. सी-पॅनेलच्या सर्व्हरवर हा पर्याय असतो, पण तो होस्टिंगवाल्याच्या पॅनेलमध्ये, तुमच्या नव्हे. म्हणून त्यालाच सांगावं लागतं.

पण एसआरएस लावलं की सगळं सुटलं, असा सल्ला सरसकट दिला जातो, आणि तो अपुरा आहे. रिटर्न पाथ तुमचा झाला तरी फ्रॉम अजून रॉटरडॅमचाच आहे. दोन्हींची डोमेनं जुळत नाहीत, म्हणून डीमार्कच्या नजरेत हा एसपीएफ पास मोजलाच जात नाही. पाठवणाऱ्याचा डीमार्क "नाकारा" वर असेल आणि डीकेआयएम नसेल, तर एसआरएस असूनही मेल परत जाणार. एसआरएस जरूर लावा, त्याने बराच मेल वाचतो. फक्त डीकेआयएमची जागा ते घेऊ शकत नाही.

एआरसी नावाची आणखी एक व्यवस्था २०१९ पासून आहे, प्रायोगिक मानक म्हणून. फॉरवर्ड करणारा सर्व्हर त्यात नोंद करतो की माझ्याकडे आला तेव्हा या मेलची ओळख पटली होती, आणि त्या नोंदीवर स्वतःची सही करतो. त्या सहीवर विश्वास ठेवायचा की नाही हे जीमेल ठरवतं. नियमित फॉरवर्ड करणाऱ्या सर्व्हरांनी एआरसी लावावं असं गूगलही सांगतं. होस्टिंगवाल्याला एसआरएसबद्दल लिहाल तेव्हा त्याच मेलमध्ये हेही विचारून टाका.

स्वतःच्या एसपीएफशी खेळ

येणारा मेल अडकला की लोक स्वतःच्या डोमेनचं एसपीएफ बदलत बसतात. एसआरएस नसेल तर येणाऱ्या मेलशी तुमच्या एसपीएफचा काडीचाही संबंध नाही. तिथे तपासलं जातं ते पाठवणाऱ्याचं. उलट या खटपटीत चांगलं चाललेलं बाहेर जाणारं मेल बिघडतं.

दोन एसपीएफ रेकॉर्ड हा त्यातला सर्वांत जास्त आढळणारा बिघाड. आधी होस्टिंगचं एक होतं. मग इन्व्हॉइस पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्याने त्याचं एक दिलं, आणि कुणीतरी ते दुसरी ओळ म्हणून टाकलं. मानकानुसार एका डोमेनला एकच एसपीएफ रेकॉर्ड चालतं. दोन दिसले की तपासणारा सर्व्हर दोन्ही बाजूला ठेवतो आणि कायमची चूक असा शेरा मारतो. दोन्हींतले पत्ते एकाच ओळीत एकत्र करायचे. दुसरी मर्यादा १० शोधांची. एसपीएफमध्ये लिहिलेला प्रत्येक इन्क्लूड (दुसऱ्या सेवेच्या यादीचा उल्लेख) म्हणजे डीएनएसमध्ये, डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेत, एक शोध, आणि त्याच्या पोटातले इन्क्लूडही मोजले जातात. १० च्या वर गेलं की पुन्हा तीच कायमची चूक. वापर बंद केलेल्या सेवांची नावं म्हणूनच काढून टाकावीत.

डीकेआयएमसाठी सी-पॅनेलमध्ये ईमेल डिलिव्हरेबिलिटी नावाचं पान आहे. तिथे रिपेअरचं बटण असतं आणि लोक ते दाबून निश्चिंत होतात. तुमचे नेमसर्व्हर, म्हणजे डीएनएस चालवणारे सर्व्हर, दुसऱ्या कंपनीकडे असतील तर त्या बटणाचा काही उपयोग होत नाही. तिथे दाखवलेला रेकॉर्ड कॉपी करून जिथे डीएनएस खरोखर चालतं तिथे हाताने टाकावा लागतो. टाकल्यावर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप या आज्ञेने टीएक्सटी रेकॉर्ड (ही नोंद ज्यात असते तो) मागवून बघा. पॅनेल काय म्हणतं यापेक्षा जगाला काय दिसतं ते महत्त्वाचं.

कचरा पुढे ढकलू नका

४२१ चा आकडा मिळालेल्यांनी हा भाग नीट वाचावा. तुमच्या इन्फोवर येणारा प्रत्येक स्पॅम जेव्हा जीमेलकडे फॉरवर्ड होतो, तेव्हा जीमेलच्या हिशेबात तो तुमच्या सर्व्हरने पाठवलेला असतो. शेअर्ड होस्टिंगवर एकाच आयपीवर कितीतरी वेबसाइट असतात आणि त्यांतले बरेच जण हेच करत असतात. काही आठवड्यांत त्या आयपीची पत घसरते, चांगला मेलही उशिरा येतो किंवा स्पॅममध्ये जातो. होस्टिंगवाला आयपी बदलतो, महिनाभर बरं चालतं, पुन्हा घसरण. दोन-तीन महिन्यांनी तक्रार का उगवते याचं बहुतेक वेळा हेच कारण.

यात सर्वांत मोठा दोषी कॅच-ऑल. सी-पॅनेलमध्ये डिफॉल्ट अॅड्रेस म्हणून एक सेटिंग असतं. अस्तित्वात नसलेल्या कुठल्याही पत्त्यावर आलेला मेल काय करायचा ते तिथे ठरतं. "एकही चौकशी हुकू नये" म्हणून तो मालकाच्या जीमेलवर वळवलेला असतो. स्पॅम पाठवणारे डोमेनसमोर मनाला येतील ती नावं लावून पाहतात, आणि ते सगळं वाहत जीमेलवर जातं. तो पर्याय नकारावर ठेवा. ज्या नावांवर खरंच मेल येतो तेवढेच पत्ते बनवा. आणि होस्टिंगचा स्पॅम फिल्टर विषय न बदलता, पण नक्की स्पॅम असलेला मेल फॉरवर्ड होण्याआधीच अडवेल असा लावा.

जीमेल किंवा आउटलुकमधून पुढे पाठवत असाल तर

उलट दिशेचाही प्रकार असतो: मालकाच्या जीमेलवर आलेलं सीएच्या किंवा अकाउंटंटच्या पत्त्यावर जायला हवं. जीमेलचं फॉरवर्डिंग कॉम्प्युटरवरच लावता येतं, अॅपमध्ये शोधत बसू नका. सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि पीओपी-आयमॅपच्या पानावर पत्ता टाकला की त्या पत्त्यावर गूगल पडताळणीचा कोड पाठवतं. तो कोड टाकेपर्यंत किंवा त्यातली लिंक दाबेपर्यंत काहीही पुढे जात नाही. आणि हा कोडचा मेलच बऱ्याचदा समोरच्याच्या स्पॅममध्ये जातो. तिथे पाहायला सांगा, नाही सापडला तर पुन्हा पाठवा. पडताळणी झाली म्हणजे फॉरवर्डिंग चालू झालं, असंही नाही. त्याच पानावर फॉरवर्ड करा हा पर्याय निवडून खाली सेव्ह दाबावं लागतं. अनेकांचं गाडं इथेच अडतं.

जीमेल ज्याला स्पॅम समजतं ते पुढे पाठवतच नाही. लॅबचे रिपोर्ट सीएकडे जात नसतील तर लॅबच्या पत्त्याचा फिल्टर करून "कधीही स्पॅममध्ये टाकू नका" हा पर्याय लावा.

ऑफिसचा मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर असेल तर बाहेरच्या पत्त्यावर आपोआप फॉरवर्ड होणं मुळातच बंद असतं. ५५० ५.७.५२० असा बाउन्स त्याचाच. अॅडमिनला आउटबाउंड स्पॅम धोरणातून ते सुरू करता येतं, पण सगळ्या कंपनीसाठी उघडू नका. ज्या एका मेलबॉक्सला गरज आहे त्याच्यापुरतं वेगळं धोरण बनवा. हे दार बंद ठेवण्यामागे सबळ कारण आहे. खात्यात घुसलेले चोर पहिलं काम करतात ते गुपचूप फॉरवर्डिंग लावण्याचं. मग खरेदीदाराशी चाललेला पत्रव्यवहार वाचत बसतात आणि पैसे यायच्या वेळी बदललेल्या बँक खात्याचा मेल मध्येच घुसवतात. म्हणून फॉरवर्डिंगची तक्रार आली की माझी एक तपासणी ठरलेली असते: जीमेलचे फिल्टर आणि फॉरवर्डिंगचे पत्ते, आउटलुकचे रूल्स, सी-पॅनेलचे फॉरवर्डर्स, यांत अनोळखी पत्ता आहे का. दिसला तर आधी पासवर्ड बदला, टू-स्टेप पडताळणी लावा, आणि पैसे गेले असतील तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

वेबसाइटच्या फॉर्मचे मेल

हे फॉरवर्डिंग वाटतं, पण असतं वेगळं. फॉर्म भरणाऱ्या माणसाचा पत्ता फ्रॉममध्ये घालून तुमचा सर्व्हर मेल पाठवतो. म्हणजे तुमचा सर्व्हर याहूच्या किंवा जीमेलच्या नावाने बोलतो. याहूने एप्रिल २०१४ मध्येच आपला डीमार्क "नाकारा" वर नेला, त्यामुळे याहूचा पत्ता देणाऱ्या ग्राहकाची चौकशी हवेत विरते. फ्रॉममध्ये तुमच्याच डोमेनचा पत्ता ठेवा, ग्राहकाचा पत्ता रिप्लाय-टूमध्ये. वेबसाइटवाल्याचं दहा मिनिटांचं काम आहे.

मेल गूगल वर्कस्पेसवर (गूगलची कंपन्यांसाठीची सेवा) हलवल्यावर फक्त फॉर्मचे मेल यायचे थांबले असतील, तर सी-पॅनेलचं ईमेल राउटिंग बघा. ते लोकलवर राहिलं तर होस्टिंगचा सर्व्हर समजतो की या डोमेनचे मेलबॉक्स माझ्याकडेच आहेत, आणि मेल स्वतःच्या जुन्या पेटीत टाकतो. ते रिमोटवर करा, आणि त्या जुन्या पेटीत साचलेल्या चौकशा आधी उतरवून घ्या.

मग कायमचं काय करायचं

माझं मत स्पष्ट आहे. ज्या पत्त्यावर खरेदीदाराचे करार, बँकेचे मेल, ओटीपी किंवा शिपिंगची कागदपत्रं येतात, तो पत्ता फॉरवर्डिंगवर ठेवू नये. तिथे खरा मेलबॉक्स हवा, तोही मेलचंच काम करणाऱ्या सेवेवर. फोनवर तो आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) जोडता येतो, जीमेलच्याच अॅपमध्ये दुसरं खातं म्हणूनही. एसपीएफ तुटत नाही, सही मोडत नाही, शेजाऱ्याच्या स्पॅमचा भार आपल्यावर येत नाही. वेबवरच्या जीमेलमध्ये दुसऱ्या खात्याचा मेल पीओपीने ओढून आणायची जी जुनी सोय होती, ती २०२६ मध्ये बंद करत असल्याचं गूगलने जाहीर केलं. त्यामुळे तिच्या भरवशावर असलेल्यांनी घाईने फॉरवर्डिंगकडे वळण्याआधी हा विचार करावा. बाकीच्या किरकोळ पत्त्यांचं फॉरवर्डिंग राहू द्या.

होस्टिंग किंवा नेमसर्व्हर बदलायच्या आधी डीएनएसमधल्या सगळ्या नोंदी उतरवून ठेवा: एमएक्स, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. नवी वेबसाइट चढवताना वेबसाइटवाला वेबसाइटपुरत्या नोंदी हलवतो आणि मेलच्या नोंदी मागे राहतात. महिन्याने कळतं तोवर दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

होस्टिंगवाल्याला "मेल येत नाही" एवढंच लिहिलं तर "चेक केलं, ओके आहे" एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा असं लिहा: "अमुक तारखेला अमुक वाजता या पत्त्यावरून इन्फोवर आलेला मेल जीमेलकडे फॉरवर्ड झाला का, जीमेलने काय उत्तर दिलं त्याची लॉगमधली ओळ पाठवा. या सर्व्हरवर एसआरएस चालू आहे का, नसेल तर करता का? फॉरवर्ड करताना एआरसी सही होते का? फॉरवर्ड होणाऱ्या मेलच्या विषयात किंवा मजकुरात तुमचा फिल्टर काही जोडतो का?"

आणि ज्याचा मेल सीलशिवाय येतोय त्या पार्टीला: "तुमच्या डोमेनवरून आलेल्या मेलला डीकेआयएम सही नाही, त्यामुळे आमच्याकडे तो नाकारला जातो. शो ओरिजिनलची प्रत सोबत जोडली आहे, तुमच्या आयटीवाल्यांना दाखवा. तोवर कागदपत्रं या दुसऱ्या पत्त्यावर थेट पाठवा." परदेशी कंपन्या अशा मेलला बहुतेक लगेच प्रतिसाद देतात, कारण त्यांचा मेल इतरांकडेही अडकत असतो.

बदल केल्यावर लगेच टेस्ट करून निराश होऊ नका. डीएनएसच्या नोंदीसोबत टीटीएल असतो. सी-पॅनेलमध्ये तो बहुधा १४,४०० सेकंद, म्हणजे चार तास असतो, आणि तेवढा वेळ जुनी नोंद ठिकठिकाणी जिवंत राहते. तो उलटल्यावर जीमेलबाहेरच्या एका खात्यावरून, डीकेआयएम असलेल्या एका कंपनीकडून, आणि ज्याचा मेल अडकत होता नेमक्या त्याच पार्टीकडून एक-एक मेल मागवा, आणि तिन्हींचं शो ओरिजिनल उघडून बघा.